मोरे साहेबाचे पाच मिलिलितर

मुक्काम अमरावती, आश्विन वद्य

राजमान्य राजेश्री महादेवराव यांस, मुक्काम अकोला, मोरे साहेबांचे कापसाचे गोदाम, मोठ्या काट्याजवळ —

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा खुशालराव याचा हात जोडून रामराम. आपली प्रकृती उत्तम असावी, वहिनींचे गुडघे दुखायचे थांबले असावेत, लेकराबाळांना भूक लागत असावी आणि आपला कापूस तोलण्याचा काटा होता तसाच सरळ उभा असावा, एवढेच आम्ही इकडे देवाजवळ मागत असतो. इकडची खबर म्हणाल तर माझी आई मनकर्णाबाई ठीक आहे. बैल ठीक आहेत. वांगी यंदा बरी आली, मिरचीवर चुरडा पडला. आपली बहीण गोदा जिवंत आहे. हे शेवटचे वाक्य मिरचीच्या पाठीमागे टाकले म्हणून रागावू नये. आधी लिहिले असते तर आपण सुटकेचा श्वास सोडून पत्र खिशात घातले असते, आणि हे पत्र आपण शेवटपर्यंत वाचावे अशी माझी फार इच्छा आहे. (अक्षर वेडेवाकडे दिसेल. ताप मला आलेला नाही. रागात लिहितो आहे.)

आपल्याला ठाऊकच आहे की बडनेऱ्याकडे आगगाडीचा बांध घालणे चालू आहे. बांधाला माती लागते, माती काढली की खड्डा होतो, आणि यंदाच्या पावसाने ते सगळे खड्डे भरून ठेवले. पाणी हिरवे झाले, त्यावरून वारा आमच्या आळीकडे येतो, आणि त्या वाऱ्याबरोबर हिवताप. आमच्या मळ्याच्या बाजूला असे घर उरले नाही की जिथे एक तरी माणूस गोधडीखाली दात वाजवत पडलेला नाही. पण बोलायचे कोणाशी? अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढून राहिले आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हापासून आपल्या वऱ्हाडात माणसाला कापसाखेरीज दुसरे काही ऐकूच येत नाही. भातकुलीच्या एका पाटलाने तर बैलांच्या शिंगांना चांदी मढवली आणि घरातल्या आजाऱ्याला वैद्य आणायला विसरला. (मग वैद्य आला तो शिंगे पाहायला आला.)

गोदाला ताप एक दिवसाआड येऊ लागला. तिसऱ्या प्रहरी थंडी, मग अंग तव्यासारखे, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी ती उठून वांगी तोडायला जायची, जसे काही झालेच नाही. चौथ्या-पाचव्या पाळीला तिला उठवेना. तेव्हा मी आपल्याला निरोप पाठवला. तो निरोप नेणारा कोण होता हे आपण विसरला असाल, म्हणून सांगतो: आमच्या शेजारचा देवीदास गाडीवान. कापूस घेऊन तो आपल्या गोदामावर येत असे. उंच, जरा वाकलेला, बोलताना बैलाच्या पाठीवर हात ठेवून बोलणारा.

आपण मोठ्या मनाने साहेबाकडे गेलात, हे मी नाकारत नाही. (मोरे साहेब म्हणजे मूळचे मोरेल, जातीने फरासीस, फ्रान्स मुलखाचे, पण आमच्याकडे अजूनही लोक विचारतात, हे मोरे कोणत्या गावचे.) साहेबाने आपल्या पेटीतली हिवतापावरच्या कोयनेलची बाटली काढून दिली. हिरव्या काचेची, अर्ध्या शेराहून थोडी वर. ती देवीदासने अकोल्याहून इथवर मांडीवर आणली. गाडीत ठेवली तर फुटेल म्हणून पागोटे सोडून त्यात गुंडाळली आणि उघड्या डोक्याने उन्हातून आला. दारात उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "भाऊ, वहिनी बऱ्या झाल्या, अन् तळाशी काई राह्यलं, तर मले ठेवजा. मलेबी कालपासून कसकस वाटून राह्यली." मी म्हटले, "अर्धी बाटली तुझीच समज." ती बाटली आम्ही दोघांनी उजेडात धरून पाहिली होती. आत पुष्कळ होते.

आता बाटलीबरोबर आलेल्या आपल्या चिठ्ठीकडे येतो. (इथून पुढे 'आपण' मला झेपणार नाही, 'तुम्ही' म्हणतो.) चिठ्ठी माझ्यासमोर आहे. तुम्ही मला, बहिणीच्या नवऱ्याला, लिहिले: "भाटव्यांनी घाबरू नये. साहेबाचा लितर म्हणजे आपला शेर, उन्नीस-बीस. त्याचे जे बारीक भाग, त्यांतले पाच भाग सकाळी आणि पाच संध्याकाळी द्यावेत. साहेब त्यांस मिलिलितर म्हणतात. आपण तोळा समजावा." महादेवराव, लितर म्हणजे शेर हे तुम्ही बरोबर ओळखले. त्याबद्दल तुमचा सत्कार करायला हरकत नाही. पण शेराचे बारीक भाग ऐंशी होतात, म्हणून साहेबाच्या लितरचेही ऐंशीच होत असतील, हे तुम्हाला कोणी सांगितले? साहेबाला विचारले का नाही, की बाबा, तुझा लितर तू किती ठिकाणी मोडतोस? कापसाच्या बोजात ओंजळभर ओल सापडली तर शेतकऱ्याच्या सात पिढ्या काढता तुम्ही. काट्याची दांडी गव्हाच्या दाण्याइतकी झुकली तरी तुम्हाला झोप येत नाही, असे तुम्हीच आमच्या लग्नात भर पंगतीत सांगितले होते.

तरी मी अगदीच आंधळेपणाने दिले नाही. पाच तोळे म्हणजे एक छटाक. छटाकभर विलायती औषध एका वेळी, म्हणजे भाजीवर तेल ओततो तितके, हे मला जरा जास्त वाटले. म्हणून मी ओसरीवर जाणती माणसे बोलावली. एक आमच्या आळीचे वैद्यबुवा. दुसरा ओमप्रकाश कंपौंडर, जो एलिचपूरच्या पलटणीतून निवृत्त होऊन इथे पुड्या बांधतो. तो येताना आपली काचेची पेली घेऊन आला, तिच्यावर इंग्रजी रेघा. त्याने बाटलीवरचा कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाला, "पाँच लिखा है. दवा पाँच औंस ही होती है." पाच औंस म्हणजे किती, हे पाहायला त्याने पेलीने पाणी मोजून आमच्या तोळ्याच्या मापात ओतले. बारा तोळे भरले. आई म्हणाली, एवढे तर मी दुपारी ताकही पीत नाही. वैद्यबुवा हसले. म्हणाले, हे विलायती जहर आहे, पाच मासेसुद्धा पुष्कळ, अर्धा तोळाही नको. का पुष्कळ, ते त्यांना सांगता येईना. त्यांचे म्हणणे एवढेच, की परकी वस्तू आहे, थोडी द्यावी. हेच ते बटाट्याबद्दलही म्हणाले होते.

मग आमच्यात वाद लागला. शेर कोणता धरायचा? आमच्या बाजारात तेलाचा शेर निराळा, दुधाचा निराळा, आणि गवळ्याचा शेर तर त्याचा अंगठा मापाच्या आत किती बुडतो त्यावर. तुमच्या अकोल्याचा शेर आमच्यापेक्षा मोठा की लहान, यावर अर्धी दुपार गेली. ओमप्रकाश म्हणाला की सरकारी औंस सगळीकडे एकच. वैद्यबुवा म्हणाले की मग सरकारी माणसांना पाजा. आत गोदाची थंडी सुरू झाली होती, खाट वाजत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होते. कोणी तरी ठरवायला पाहिजे होते. एक म्हणतो पाच मासे, एक म्हणतो बारा तोळे, आणि तुमची चिठ्ठी म्हणते पाच तोळे. मी मधले धरले. मध्ये तुम्ही होता. शेतीच्या बांधाचा तंटा आम्ही असाच मिटवतो, आणि तो मिटतोही. औषध बांधासारखे नसते, हे मला त्या दिवशी कोणी सांगितले असते तर मी त्याच्याशीही भांडलो असतो.

पहिली छटाक प्यायली तेव्हा गोदाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्या माहेरचा कोणी वैरी आहे. कडू म्हणजे किती कडू? कारल्याच्या वेलीला लाज वाटेल. अर्धे उलटले. (ते उलटले म्हणून ती आज आहे, असे साहेब नंतर म्हणाले.) तुमच्या चिठ्ठीप्रमाणे संध्याकाळी पुन्हा छटाक. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताप मात्र पळाला, हे खरे बोलले पाहिजे. तापाची पाळी चुकली. आई दारात मीठमोहरी ओवाळून आली, मी खूश, ओमप्रकाश म्हणू लागला की बारा तोळे दिले असते तर पहिल्याच दिवशी गेला असता. आणि मग गोदा म्हणाली, "बाहेर पाऊस पडून राह्यला का? केवढा मोठा आवाज हाय." आभाळ कोरडे होते. थोड्या वेळाने म्हणाली, कानात रहाट फिरतो आहे. मग तिच्या डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला. मग मी तिला हाक मारली आणि तिने मान वळवली नाही. मी जवळ जाऊन ओरडलो. ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली आणि रडू लागली. मला वाटले हे तापाचेच, ताप कानात शिरला आहे. म्हणून औषध थांबवायचे सोडून उरलेलेही दिले. शेवटची छटाक पुरी भरली नाही, तेव्हा बाटली उलटी धरून झटकली, थेंब वाया जाऊ नये म्हणून.

देवीदासची बायको जमुना दुसऱ्या सकाळी वाटी घेऊन आली. वाटी पदराखाली होती. म्हणाली, त्यायले लय भरून आलं, काई उरलं असंन तर. मी बाटली दाखवली. ती म्हणाली, "बरं, वहिनींले गुण आला ना? मंग झालं." आणि वाटी तशीच घेऊन गेली. महादेवराव, ती वाटी चांगली घासून आणली होती.

मी त्याच दिवशी अकोल्याला माणूस धाडला, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कळवले की साहेब खामगावला गेले आणि पेटीची किल्ली त्यांच्याजवळ. पेटी फोडा असा निरोप मी उलट पाठवला नाही, सुचले नाही. इकडे देवीदासचा ताप पाळीचा राहिला नाही, उतरायचेच विसरला. वैद्यबुवांनी काढे दिले. ओमप्रकाशजवळ कोयनेल नव्हते, एरंडेल होते, ते त्याने मोजून दिले. जमुना डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि तो बडबडत होता, की बाटली सांभाळा, चाक दगडावर चढून राह्यलं.

मग मोरे साहेब स्वतःच अमरावतीच्या कापूस बाजारात उतरले. मी धावत गेलो. व्यापाऱ्यांच्या घोळक्यातून हात घालून त्यांच्यापुढे रिकामी बाटली धरली. साहेबांनी ती ओळखली, आनंदले. "अच्छा हो गया? सब लोग अच्छा?" मी म्हटले, सब लोग कोण? ते म्हणाले, घरचे सगळे, शेजारचे सगळे. एवढी मोठी बाटली म्हणून तर दिली. मी म्हटले, संपली, एका माणसात संपली. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तंबूतून एक चिंचोळी काचेची नळी आणली, तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा. सुरईतले पाणी घेऊन पाचव्या रेघेपर्यंत भरले आणि माझ्या तळहातावर ओतले. तळहाताचा खळगासुद्धा पुरता भरला नाही. "हमारा पाँच," साहेब म्हणाले, "बहुत छोटा पाँच." लितरचे ते हजार भाग करतात, महादेवराव. हजार! आपल्या एका तोळ्यात साहेबाचे बारा मिलिलितर जवळजवळ बुडून जातात. पाच म्हणजे आपले पाच मासे. वैद्यबुवांनी बटाट्याच्या न्यायाने सांगितले ते अगदी बरोबर निघाले, आणि मला आता त्यांचे तोंड बघवत नाही. त्या बाटलीत शंभर खेपा होत्या. मी त्या आठ-नऊ खेपांत संपवल्या.

मी विचारले, अजून औषध आहे का. साहेब म्हणाले, अकोल्याला. त्यांनी घोडेस्वार पाठवला, हे त्यांच्या माणुसकीचे आहे. स्वार औषध घेऊन परतला तेव्हा आम्ही देवीदासला पोचवून आलो होतो आणि पाय धूत होतो. साहेबांनी गोदाच्या कानांबद्दल सांगितले आहे की ऐकू येईल, हळूहळू येईल, जास्त कोयनेलने असे होते. बहुतेक वेळा परत येते, असेही म्हणाले. 'बहुतेक' किती, ते मी विचारले नाही. त्यांच्या मापात सांगितले असते.

ज्या सकाळी देवीदास गेला, जमुनाने फोडलेला हंबरडा बाजारापर्यंत गेला असेल. आमची आई चुलीपुढून उठून धावली, मी उठलो, आळीतली कुत्री भुंकू लागली. गोदा खाटेवर शांत पडून होती. तिने मला विचारले, "काहून उभे राह्यले? भाकरी करपून राह्यली ना." मी बसलो. भाकरी उलटली. तिला अजून सांगितलेले नाही. अंगात जीव नाही तिच्या, आणि असली गोष्ट हातवाऱ्यांनी कशी सांगायची ते मला येत नाही.

आणखी काय लिहू? वहिनींना रामराम सांगावा. लेकरांना आशीर्वाद. तुमचा काटा देव सरळ ठेवो.

आपला,
खुशालराव

ता. क. — साहेबांनी नव्या बाटलीबरोबर आपली ती रेघांची नळी आम्हाला कायमची दिली आहे. आळीत सहा घरी औषध चालू केले, सगळ्यांना उतार आहे. तेव्हा यापुढे तुमच्याकडून कसलीही चिठ्ठी येऊ नये. ओमप्रकाश नळी पाहून गेला. म्हणाला, मी पाँचच म्हटले होते.

ता. क. दुसरे — वर पुष्कळ लिहिले, पण पत्र ज्यासाठी लिहिले ते राहिले. देवीदासचे दिवस व्हायचे आहेत, त्याला तुम्ही यावे. आमच्या घरी येण्याआधी जमुनाकडे जावे, आणि तिला सांगावे की देवीदासचा ताप निराळा होता, डोक्यात चढलेला होता, त्याला ते औषध चाललेच नसते, दिले असते तरी. तुम्ही साहेबाच्या गोदामातले मोठे माणूस, तुमचे ती मानील. मी सांगून पाहिले. निम्म्यावरच उठून आलो. एवढे माझ्यासाठी करा. हे केलेत तर वर जे लिहिले ते मी पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही, गोदाच्या कानांबद्दलसुद्धा नाही.

ता. क. तिसरे — पत्र बांधून ठेवले होते, पुन्हा सोडले. आज गोदा पहिल्यांदा उठून बसली, दूधभाकर खाल्ली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती फार मोठ्याने बोलते. कोनाड्यातली बाटली तिला दिसली (ती नवी, भरलेली) आणि ती ओरडून म्हणाली, "मले आता पुरे झालं. हे उरलेलं देवीदास भाऊजींले देऊन या बरं. बिचारे मांडीवर घेऊन आले होते, अन् आपण त्यायले ठेवतो म्हटलं होतं." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आमच्या आणि जमुनाच्या घरांच्या मध्ये कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाची भिंत आहे, वर शेणमाती. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता तो थांबला.

जमुना आली आणि दारात उभी राहिली. गोदाने तिच्या कपाळाकडे पाहिले, गळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. जमुना आत येऊन तिच्या खाटेजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, आणि मला विचारले, "खरं सांगा भाऊ. नीट मोजलं असतं, तर उरलं असतं का?" मी म्हटले, हो. तिने गोदाचा हात चोळला. मग म्हणाली, "महादेव भाऊ येतीन तर येऊ द्या. त्यायले म्हणा, मले काई समजावू नका."

तेव्हा दुसरे ता. क. खोडले असे समजा. तुम्ही या, तिच्या अंगणात बसा, आणि ती विचारील तेवढ्याचेच उत्तर द्या.